झाकणांना ओळख द्यायची नाही

टिटवीने सायकल देऊन मेटल डिटेक्टर घरी आणला, तेव्हा तिच्या आईने शिवणाच्या मशीनचं चाक हाताने थांबवलं. असं सहसा होत नसे. आई शिवायला बसली की दारात कोणी येवो, जावो, तिला आधी शिवण संपवायची असे आणि मग माणूस बघायचा असे.

"हे काय आहे?"

"मशीन."

"कसलं?"

"जमिनीखालचा धातू ओळखतं. अंगठ्या, साखळ्या, नाणी. आई, समुद्रावर लोक काय काय हरवून जातात, तुला कल्पना नाही."

"आणि सायकल?"

टिटवीने खिडकीकडे बोट केलं. बाहेर बँडमास्तर तिच्या गुलाबी सायकलवर ताठ बसून, घंटी वाजवत गल्लीच्या टोकाकडे निघाले होते. समोर कोणी नव्हतं. तरी घंटी चालूच होती.

बँडमास्तर म्हणजे शेजारचे. जन्मभर मोठ्या ढोलाच्या शेजारी उभं राहून ट्रम्पेट वाजवलं, आणि निवृत्त होईपर्यंत कान पार गेले. मग हौस म्हणून त्यांनी हे मशीन घेतलं. धातू सापडला की मशीन आवाज करतं, एवढी एकच त्याची बोलायची पद्धत. तो आवाज मास्तरांना ऐकूच येईना. उन्हाळाभर ते किनाऱ्यावर मशीन घेऊन फिरले. 'फार शांत यंत्र आहे,' असं त्यांनी चारचौघांत कौतुकही केलं. शेवटी टिटवीने त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून खरा प्रकार सांगितला आणि दहा मिनिटांत सौदा पार पडला.

ओरडण्यात टिटवीचा हात कोणी धरला नसता. म्हणजे आता. गेल्या वर्षीपर्यंत तिला वर्गात प्रश्न विचारला की ती आपल्या बुटांकडे बघायची आणि बूटही उत्तर द्यायचे नाहीत. मग शाळेच्या स्नेहसंमेलनात आभार मानणाऱ्या मुलीला ऐन वेळी ताप आला आणि बाईंनी समोर दिसेल तिला स्टेजवर ढकललं. समोर टिटवी होती. तिने पाहुण्यांचे आभार मानले, बाईंचे मानले, खुर्च्या लावणाऱ्यांचे मानले, मग खुर्च्यांचे मानले. लोक हसले. तिला वाटलं, अरे, हे तर सोपं आहे. त्या दिवसापासून ती गप्प बसल्याचं कोणी पाहिलेलं नाही. 'टिटवी' हे नाव आतोबांनी ठेवलं आणि तिने ते पदवी मिळाल्यासारखं लावून घेतलं.

मशीनने कामाला मात्र जोरदार सुरुवात केली. पहिल्याच शनिवारी टिटवीने किनाऱ्यावरून बाटल्यांची झाकणं आणली. पुढच्या शनिवारी अजून झाकणं, शिवाय एक सार्डिनचा डबा, ज्याला अजून सार्डिनची आठवण होती. झाकणं खिडकीत साठली, मोरीत साठली, आणि एक दिवस त्यातलं एक आईच्या शिवणाच्या मशीनच्या पायडलखाली जाऊन अडकलं. एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही अर्ध्यातच राहिली.

आईने झाकण उचलून उजेडात धरलं. "धातू ओळखतं म्हणालीस ना?"

"हो."

"मग हे झाकण आहे, हे त्याला ओळखू येत नाही?"

"येतं. पण ते सगळ्यांना सारखंच वागवतं."

"बरं." आईने झाकण टेबलावर ठेवलं. "ऐक. या घरात मशीन एकच राहील. रविवारी भंगारवाला येतो. तोपर्यंत मला एक वस्तू आणून दाखव. जास्त नको, एकच. पण अंगावर घालण्यासारखी पाहिजे."

"नाणं चालेल?"

"नाणं अंगावर घालतात का?"

आईचं सगळं जग असं होतं. जगात दोन प्रकारच्या वस्तू असतात, अंगावर घालायच्या आणि बाकीच्या. बाबा बोटीवर असायचे आणि वर्षातला बराच काळ समुद्रात काढायचे, त्यामुळे घरात अपील करायला वरचं कोर्ट नव्हतं.

त्या संध्याकाळी टिटवीने मशीनचं लहानसं पुस्तक पहिल्यांदा उघडलं. हँडलच्या बाजूला एक गोल बटण होतं. ते फिरवलं की मशीन लोखंड आणि पत्रा ऐकायचं बंद करतं आणि फक्त सोनं, चांदी, तांबं असल्या घरंदाज धातूंनाच साद देतं, असं त्यात लिहिलं होतं. टिटवीने बटण टोकापर्यंत फिरवलं. मग टेबलावरचं झाकण मशीनच्या टोकाच्या गोल थाळीखाली धरलं. मशीन गप्प. सार्डिनचा डबा धरला. गप्प. आईची चांदीची चेन धरली, तर मशीन गोड आवाजात किणकिणलं.

"बघ आई! आता झाकणांना ओळखच देत नाही. आमच्या वर्गातल्या त्या मुलीसारखं. नवे बूट आल्यापासून तीही कोणाला ओळख देत नाही."

"छान," आई म्हणाली. "चेन परत ठेव."

गुरुवारी आत्या आली. ती आली तेव्हा आई गिऱ्हाइकाचं माप घ्यायला गेली होती, आणि आत्याने तीच वेळ साधली होती हे तिच्या चालण्यावरूनच कळत होतं. तिने दार लावलं, खिडकी लावली, आणि डाव्या हाताचं बोट वर केलं. बोटाला एवढं मोठं बँडेज होतं की आत अजून एक बोट मावलं असतं.

"कापलं?"

"नाही," आत्या कुजबुजली. "अंगठी हरवली."

आता आत्याबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक म्हणजे ती बस डेपोतल्या 'हरवलं-सापडलं' खिडकीवर काम करते. लोकांच्या छत्र्या, डबे, कवळ्या, एकदा तर एक जिवंत कासव, सगळं तिने चिठ्ठी लावून फळीवर ठेवलं आणि ज्याचं त्याला परत दिलं. तिच्या हातून कोणाची टाचणी गहाळ झालेली नाही.

दुसरी गोष्ट तिच्या घराची. घरात तिला एक शब्द बोलायची बंदी होती. आत्याने एखादी वस्तू 'सांभाळून ठेवली' की ती वस्तू गेली, हे सगळ्या कुटुंबाला माहीत होतं. तिच्या स्वयंपाकघरात एकाही डब्यात त्याच्यावर लिहिलेली वस्तू नव्हती. बिस्किटांच्या डब्यात सुया-दोरे, चहाच्या डब्यात बटणं, आणि चहा कुठे ते देवाला ठाऊक. घराची जास्तीची किल्ली तिने चोर येतील म्हणून अशी सांभाळून ठेवली की आतोबांना स्वतःच्याच घरात खिडकीतून जावं लागलं. खाली माणसं जमली, कोणीतरी चोर म्हणून ओरडलंही. त्या दिवशी आतोबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "यापुढे तू काहीही हरव, टाकून दे, विकून टाक. फक्त सांभाळून ठेवू नकोस." आणि आत्याने सगळ्यांसमोर शपथ घेतली.

"कशी हरवली?" टिटवीने विचारलं.

"रविवारी डेपोतल्या बायका मिळून समुद्रावर गेलो होतो ना. पाण्यात गेले, आणि... गेली. सटकली."

"आतोबांना माहीत आहे?"

"वेडी आहेस का! बोट कापलंय म्हणून सांगितलंय. ते म्हणाले, जप." आत्याचा आवाज जरा हलला. "चष्म्याचं दुकान चालवतात, सगळ्या गावाची नजर तपासतात. बँडेज रोज वेगवेगळ्या बोटाला होतंय, ते काही दिसलं नाही त्यांना. पण किती दिवस? लग्नाची अंगठी आहे ती."

ती अंगठी टिटवीला पाठ होती. आतल्या बाजूला लग्नाचं साल कोरलेलं, आणि कोरणाऱ्याने ते एका वर्षाने चुकवलेलं. अंगठीच्या हिशेबाने आत्या-आतोबांचं लग्न त्यांची ओळख व्हायच्या आधीच झालं होतं. बदलून घ्या म्हणून सगळ्यांनी सांगितलं, पण आतोबा म्हणाले होते, असू दे, तेवढं एक वर्ष जास्त मिळालं. ते एवढं गोड आयुष्यात एकदाच बोलले, म्हणून ती अंगठी जास्तच मोलाची.

"आत्या, काळजीच करू नकोस!" टिटवी खुर्चीवर उभी राहिली. "तू योग्य माणसाकडे आली आहेस. मी सोनं शोधते. फक्त सोनं. झाकणांना आता आमच्याकडे ओळख नाही."

"ओरडू नकोस. आणि वहिनीला कळता कामा नये. ती त्यांना सांगेल."

म्हणजे झालं असं, की टिटवीच्या हाताशी अंगावर घालण्यासारखी वस्तू होती, ती कुठे पडली ते सांगायला खुद्द मालकीण होती, रविवार दोन पावलांवर होता, आणि घरात यातला चकार शब्द बोलायची सोय नव्हती. टिटवीला दोन दिवस गप्प राहावं लागलं. आईने तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

शनिवारी सकाळी किनाऱ्यावर फारसं कोणी नव्हतं. आइसक्रीमची गाडी ताडपत्रीत गुंडाळलेली होती, पायाने चालवायच्या बोटी एकमेकींना साखळीने बांधून ठेवल्या होत्या. लाइफगार्ड आपल्या उंच खुर्चीवर पाय हलवत बसला होता. त्याला सगळे 'शिट्टी' म्हणायचे, कारण तो बोलण्याचं काम शक्यतो शिट्टीनेच भागवायचा. टिटवी दिसताच त्याने एक छोटी शिट्टी मारली. म्हणजे, आलीस का.

टिटवीने फावडं रोवलं, हेडफोन गळ्यात घातले आणि चौकशीला सुरुवात केली. हे तिने स्वतःच ठरवलेलं होतं. हरवलेली वस्तू शोधायची म्हणजे आधी हरवणाऱ्याला शोधायचं. तो कुठे बसला, कसा उठला, कुठल्या हाताने काय केलं.

"कुठे बसला होतात?"

"इथेच. या खुर्चीजवळ."

"पाण्यात कुठून शिरलीस?"

"सरळ."

"अंगठी गेली तेव्हा पाणी कुठपर्यंत होतं? गुडघा? कंबर?"

आत्याने समुद्राकडे पाहिलं, जणू त्याने आतून खूण करावी. "मधे," ती म्हणाली.

टिटवीने फावड्याच्या दांड्याने ओल्या वाळूवर सरळ रेघा ओढल्या आणि एकेका पट्ट्यातून मशीन डावीकडे-उजवीकडे फिरवत निघाली. भाकरी थापल्यासारखं सावकाश नाही आणि केर काढल्यासारखं घाईनेही नाही. मशीन किणकिणलं, ती खाली बसली, खणलं. नाणं. पुढे एक पितळी चमचा. पुढे कोणाच्या तरी कानातल्याचा आकडा, कानातलं नाही, नुसता आकडा.

"आकडा अंगावर घालतात का?" टिटवीने आत्याला विचारलं.

"नुसता? नाही बाई."

"तेच."

ऊन चढलं. ओली वाळू संपली, पट्टे संपले, अंगठी नाही. आणि टिटवीच्या लक्षात एक गोष्ट आली. ती ओल्या वाळूत मान मोडून शोधत होती, आणि आत्या पाठ करून उभी होती. आत्या कोरड्या वाळूकडे बघत होती. छत्रीच्या टोकाने इथे टोच, तिथे टोच. मग तिने शिट्टीच्या खुर्चीला एक फेरी मारली. मग उलटी फेरी मारली.

"आत्या, अंगठी पाण्यात पडली ना?"

"हो."

"मग खुर्चीभोवती काय करतेस?"

"पाय मोकळे करतेय." आणि मग तिने खुर्चीकडे असं पाहिलं, जसं तिच्या खिडकीवर कोणी दुसऱ्याची छत्री मागायला आलं की ती बघते. "ही खुर्ची नेहमी इथेच असते का हो?"

शिट्टीने शिट्टी तोंडातून काढली. एवढ्या मोठ्या प्रश्नाला ती पुरणारी नव्हती. "खुर्ची? नाही हो ताई. चाकं आहेत तिला. जिथे पाण्याची ओढ जास्त, तिथे न्यायची. गेल्या रविवारी ती पार तिकडे होती, त्या बोटींच्या पलीकडे."

आत्या मटकन वाळूत बसली. "चाकं आहेत," ती स्वतःशीच म्हणाली. "मी चाकाच्या वस्तूची खूण धरली."

टिटवीने हेडफोन काढले. पाण्यात पडलेल्या वस्तूला कोणी खूण धरत नाही. खूण धरतात ती... टिटवीच्या डोक्यात तो शब्द आला आणि तिने तो लगेच गिळला. तिच्या नव्या आयुष्यात तिने गिळलेला हा पहिलाच शब्द असावा.

"आत्या," ती खाली बसली आणि शक्य तेवढ्या हळू आवाजात बोलली, म्हणजे शिट्टीला ऐकू गेलं, बोटींपर्यंत नाही. "खरं सांग. हरवली की..."

आत्याने छत्री उघडली, दोघींच्या डोक्यावर धरली, जणू समुद्राने ऐकू नये.

"सांभाळून ठेवली होती," ती म्हणाली.

शिट्टीने न वाजवता शिट्टी परत तोंडात घातली.

"पाण्यात बोटातून सटकेल म्हणून काढली. पर्समध्ये ठेवली तर पर्स जाईल. आमच्या खिडकीवर रोज पर्स येतात, मला विचार. म्हणून वाळूत पुरली. खुर्चीच्या डाव्या पायापासून जरा इकडे. आणि पाण्यातून आले, तर सगळी वाळू सारखी! डेपोतल्या बायकांना काय सांगू? हरवलं-सापडलंची बाई स्वतःच... आणि यांना काय सांगू? शपथ घेतलेली, सगळ्यांसमोर!"

टिटवीचा जीव एकदम हलका झाला. "मग सोपं आहे! कोरड्या वाळूत आहे, पाण्याने नेलेली नाही. बोटींच्या पलीकडे चल."

बोटींच्या पलीकडे शिट्टीने खुर्चीची गेल्या रविवारची जागा दाखवली, आणि टिटवीने मशीन फिरवलं. मशीन गप्प. आडवं फिरवलं, उभं फिरवलं, तिरकं फिरवलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एवढा शांत पट्टा तिने किनाऱ्यावर पाहिला नव्हता. तिला बँडमास्तरांची आठवण आली. फार शांत यंत्र आहे.

"नाहीये," ती शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज गेल्या वर्षीच्या आवाजासारखा निघाला. "कोणीतरी नेली असेल. सोनं असतं तर हे बोललं असतं. हे सोन्याला सोडत नाही."

उद्या भंगारवाला येईल, काट्याला मशीन लटकवेल, आणि आई दारात हात पुसत उभी असेल, हे तिला स्पष्ट दिसलं. आत्या बँडेज बांधलेल्या बोटाकडे बघत होती. तिलाही बहुधा काहीतरी स्पष्ट दिसत होतं.

टिटवी आपल्या बुटांकडे बघत राहिली. आणि या वेळी, कोण जाणे कसं, बुटांनी उत्तर दिलं. आत्याच्या घरात वस्तू कधीच नुसती नसते. ती नेहमी दुसऱ्या कशाततरी असते.

"आत्या! कशात ठेवली होतीस?"

"अगं, नुसती कशी पुरणार? वाळू लागली असती. बामच्या डबीत."

"पत्र्याच्या?"

"मग काय, बाम काचेच्या हंडीत येतो?"

टिटवीने कपाळावर हात मारला, आणि मशीनचं गोल बटण टोकापासून पार दुसऱ्या टोकाला फिरवलं. तिनेच मशीनला शिकवलं होतं पत्र्याला ओळख देऊ नकोस म्हणून, आणि ते बिचारं शब्दाला जागून सकाळपासून त्या डबीवरून मान वर करून चाललं होतं.

बटण फिरलं आणि किनारा ओरडायला लागला. इथे झाकण, तिथे झाकण, पाऊल टाकावं तिथे घोगरी घरघर. टिटवी खणायला लागली. आत्याने पदर खोचला आणि हातानेच खणायला लागली, बँडेजसकट. शिट्टी खाली उतरला, त्याने खिशातून एक मोठा चमचा काढला. लाइफगार्डच्या खिशात चमचा का असतो हे कोणी विचारलं नाही. झाकणांचा ढीग वाढत गेला. जुने ओळखीचे चेहरे सगळे परत भेटले.

तेवढ्यात वाळूतून दोन माणसं येताना दिसली. एकाच्या हातात जेवणाचा डबा होता आणि दुसऱ्याचा हात कपाळावर होता. आई आणि आतोबा.

"मेले," आत्या म्हणाली आणि जास्त जोरात खणायला लागली.

"म्हटलं, शेवटचा दिवस आहे, उपाशी नको," आईने डबा ठेवला. मग तिने झाकणांचा ढीग पाहिला. ती काही बोलली नाही. तिने ढिगाकडे पुन्हा एकदा पाहिलं, म्हणजे बोललीच.

"तू इथे काय करतेस?" आतोबांनी आत्याला विचारलं.

"भाचीला मदत."

"माझं डोकं फुटायची वेळ आलीये, समुद्राच्या वाऱ्याने तरी उतरेल म्हणून आलो. आठवडा झाला, माझा बाम सापडत नाहीये घरात. सगळे डबे उघडले. मिठात हळद आहे, हळदीत रबर आहेत, पण बाम कुठेच..."

मशीन घरघरलं. टिटवीने फावडं घातलं आणि वाळूतून एक चपटी गोल डबी वर आली. डबीवर लिहिलेलं होतं, बाम.

आत्याने डोळे मिटले. टिटवीने झाकण उघडलं. आत बाम होता. पिवळा, काठोकाठ, नुसता बाम. आत्याच्या घरातल्या एका डबीत, इतिहासात पहिल्यांदाच, वर लिहिलेली वस्तू निघाली होती.

"माझा बाम!" आतोबांनी डबी हातातून घेतली. ती वाळूत कशी आली हे विचारण्याइतकं त्यांचं डोकं शाबूत नव्हतं. त्यांनी बोट खोलवर घातलं, चांगला गोळा काढला आणि कपाळावर चोळला. मग थांबले. पुन्हा चोळला.

"यात काहीतरी टोचतंय."

"खडखडू नये म्हणून," आत्या अगदी बारीक आवाजात म्हणाली. "आत दाबून बसवली होती. खडखडली असती तर चोराला कळलं असतं."

आतोबांच्या कपाळाच्या मधोमध, बामाच्या थरात, अंगठी बसली होती. त्यांनी ती काढली, चष्मा वर केला, डोळ्याजवळ धरून आतलं साल वाचलं. चुकीचंच होतं. मग त्यांनी आत्याच्या बँडेजकडे पाहिलं, आणि टिटवीला वाटतं, आठवडाभरात पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"सांभाळून ठेवली होतीस?" त्यांनी विचारलं.

"हो," आत्या म्हणाली. लपवायला आता काही उरलं नव्हतं.

आतोबांनी विचार केला. "पण सापडली की."

त्यांनी बँडेज सोडलं, अंगठी सदऱ्याला पुसली आणि तिच्या बोटात घातली. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आत्याला भरून आलं आणि तिने त्यांचे डोळे आपल्या हातांनी पुसले, मग स्वतःचेही. त्या हातांना आतोबांच्या बोटांवरचा बाम लागला होता. मग दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि शिट्टीने त्यांना धरून धरून नळापाशी नेलं.

टिटवी आईकडे वळली. आता तिला बोलता येत होतं, आणि साठलेलं पुष्कळ होतं. "सापडली! अंगावर घालण्यासारखी! तुझ्यासमोर घातली! रविवारच्या आत!"

"मशीनला काय सापडलं?" आईने विचारलं.

"अंगठी!"

"मशीनला बामची डबी सापडली. अंगठी आतोबांच्या कपाळाला सापडली." आईने डब्यातून पाव-अंडं काढून तिच्या हातात दिलं. "खा."

टिटवीने खाल्लं. पाव वाळूसारखा लागत होता. घरी जाताना आत्या-आतोबा पुढे, लाल डोळ्यांचे, हातात हात घालून, आणि टिटवी मागे मशीन खांद्यावर टाकून. गल्लीच्या तोंडाशी बँडमास्तर सायकलवरून गेले. घंटी वाजवत. त्यांनी मशीनकडे पाहून हात हलवला, जणू सासरी दिलेल्या मुलीला.

घरी आल्यावर तिने मशीन दाराशी, भंगारवाल्याला सोयीचं पडेल असं उभं केलं आणि हात धुवायला गेली. परत आली तर मशीन दाराशी नव्हतं. ते खोलीच्या मधे, शिवणाच्या मशीनशेजारी उभं होतं, आणि आई गुडघ्यावर बसून त्याला टेप लावत होती. थाळीचा घेर. दांड्याची लांबी. हँडलपाशी ती थांबली, टेप दोनदा लावला, जसा ती खांदा नीट बसत नसलेल्या गिऱ्हाइकाला लावते.

टिटवी दारातच उभी राहिली. आज दुसऱ्यांदा तिने तोंडावर आलेलं बोलणं गिळलं.

"उघडंच फिरवतेस याला," आई टेप न काढता म्हणाली. "वाळू शिरते सगळीकडे. त्या कोटाच्या कापडातलं उरलंय थोडं, त्याची खोळ होईल." तिने खडूने कापडावर रेघ मारली. "खिसा ठेवू का बाहेरून?"

"कशाला?"

"झाकणांना," आई म्हणाली, आणि मशीनचं चाक फिरवलं.